शाळेच्या ताटातील एक वार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज चार शब्द बोलावेत अशी मंडळाने मला आज्ञा केली, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी कोणी पंडित नव्हे. १९७४ साली मॅट्रिक झालो, शिक्षक-प्रशिक्षणाची दोन वर्षे काढली आणि पुढे एकोणचाळीस वर्षे खडू-फळ्याच्या संगतीत घालविली. सेवानिवृत्त होऊनही आता दहा वर्षे होत आली. सकाळी आपल्या गुणवंत मुलामुलींचा गौरव झाला, आणि थोड्याच वेळात आपण सर्व पंगतीस बसणार आहोत. तेव्हा गौरव आणि पंगत यांच्या मध्ये ज्याला बोलावयास उभे केले आहे, त्याने मुलांच्या ताटाविषयी बोलावे हे बरे, असा विचार करून मी हा विषय निवडला.

विषय असा : शाळेत मुलांना जे जेवण मिळते त्यात आठवड्यातून एक दिवस, किंवा काही काळ रोजच, मांस नसावे असा नियम अलीकडे काही देशांत झाला; आणि त्यावर तेथील पशुपालक फार संतापले. आपणांपैकी कोणी म्हणेल, "गुरुजी, आपल्या शाळेत तर खिचडी असते. तेथे मांस कधी होते म्हणून ते बंद व्हावे? हे परदेशचे भांडण आपल्या संमेलनात कशाला?" शंका रास्त आहे. परंतु आपण धनगर आहोत. मेंढरे राखणे हा आपला पिढीजात धंदा, आणि मेंढा विकला जातो तो शेवटी कोणाच्या तरी ताटात जाण्यासाठीच. दुसरीकडे आपण आईबापही आहोत. आपली मुले शाळेच्या पंगतीत बसतात. त्या भांडणातील दोन्ही पक्ष आपल्या एकाच घरात नांदतात. म्हणून ते भांडण आपण इतरांपेक्षा अधिक समजुतीने ऐकू शकू, असे मला वाटते.

प्रथम हकिकत सांगतो. फ्रान्स देशाच्या आग्नेय भागात, रोन व सोन या दोन नद्यांच्या संगमावर, ल्यों नावाचे मोठे शहर आहे. खवय्यांची राजधानी अशी त्याची कीर्ती. नाना तऱ्हांच्या मांसाच्या पदार्थांसाठी ते प्रसिद्ध असून, आपण जिला वजडी म्हणतो तिचेही पदार्थ तेथील खाणावळींत कौतुकाने वाढले जातात. २०२१ सालच्या फेब्रुवारीत, करोनाची साथ चालू असताना, या शहराचे महापौर ग्रेगरी दूसे यांनी ठरविले की, शाळांच्या भोजनगृहांत काही काळ सर्व मुलांना एकच जेवण द्यावे व त्यात मांस नसावे. कारण असे दिले की, निरनिराळ्या वर्गांची मुले एकत्र मिसळू नयेत म्हणून त्यांना अंतर राखून बसवावे लागते, त्यामुळे पंगती लवकर उठत नाहीत. चार प्रकारचे पदार्थ वाढण्यात वेळ जातो. आणि सर्व धर्मांच्या व घरांच्या बहुतेक मुलांना चालेल असे एकच ताट म्हणजे बिनमांसाचे. रोजची सुमारे २९,००० जेवणे होती. मासे व अंडी त्या जेवणात कायम होती, म्हणजे आपल्या व्याख्येप्रमाणे ते शाकाहारी जेवण नव्हेच. शिवाय व्यवस्था तात्पुरती होती, आणि आपण स्वतः मांस खातो असेही महापौरांनी सांगितले.

तथापि २२ फेब्रुवारीस, ज्या दिवशी ही व्यवस्था सुरू झाली त्याच दिवशी, आसपासचे पशुपालक ट्रॅक्टर घेऊन व गाई-शेळ्या हाकीत नगरभवनासमोर येऊन उभे राहिले. माझ्या नातवाने मोबाईलवर मला ते चित्र दाखविले. मोठमोठ्या दगडी इमारतींपुढे दाव्याला बांधलेली ती जनावरे पाहून मला, खरे सांगतो, प्रथम हसू आले व मागाहून वाईट वाटले. मांस बंद केले तर पुढच्या साथींत मुले दुबळी पडतील, अशा अर्थाचा एक फलकही त्यांत होता. देशाच्या कृषिमंत्र्यांनी महापौरांवर टीका केली की, मुलांच्या ताटात आपली मतप्रणाली वाढू नका. गृहमंत्री म्हणाले की, हा शेतकऱ्यांचा व खाटकांचा अपमान आहे आणि गरिबांच्या मुलांना मांस मिळते ते बहुधा शाळेतच. त्याच मंत्रिमंडळातील पर्यावरणाच्या मंत्री मात्र उलट बोलल्या. हा वादच अश्मयुगातला आहे, असा त्यांचा अभिप्राय पडला. प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाने मार्च महिन्यात स्थगिती नाकारली.

आता या हकिकतीतील एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. याच शहरात, आदल्या वर्षी, म्हणजे २०२० साली, पूर्वीच्या महापौरांच्या कारकिर्दीत, त्याच साथीपायी आणि त्याच कारणाने असेच बिनमांसाचे ताट काही काळ दिले गेले होते. तेव्हा ना ट्रॅक्टर आले, ना गाई आल्या, ना कोणी मंत्री बोलले. एका वर्षात काय बदलले? पदार्थ तेच, मुले तीच, शाळा त्याच. वाढणारा तेवढा बदलला होता! पूर्वीचे महापौर जुन्या वळणाचे. नवे महापौर हरित पक्षाचे. "या मनुष्याला साथीचे केवळ निमित्त हवे आहे, त्याच्या मनात आमचा धंदाच नको आहे," असा पशुपालकांना संशय आला. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. पशुपालकाचा राग ताटातून काय काढले यावर तितकासा नव्हता; काढणारा आपल्याविषयी काय समजतो, यावर तो होता.

हिशेब करून पाहिला तरी हेच दिसते. माझी सवय हिशेबाची, म्हणून क्षमा असावी. आठवड्याला दोन वेळची मिळून चौदा जेवणे. त्यांतून एक जेवण बिनमांसाचे झाले, तर मुलाच्या जेवणांचा चौदावा हिस्सा बदलला. तेही केवळ शाळेत जाणाऱ्या मुलांपुरते आणि शाळा चालू असेल तेवढे दिवस. एवढ्या खपासाठी कोणी दूध काढावयाचे सोडून शहरात जनावरे घेऊन जात नाही. त्याला धास्ती असते ती पुढची : आजचे मूल उद्याचे गिऱ्हाईक आहे. आणि दुःख असते ते मानाचे : ज्या कामात बापजाद्यांची हाडे झिजली, ते काम म्हणजे जगाचे काही वाईट करणे आहे, असे आपल्याच मुलाला शाळेत शिकविले जाणार काय?

अमेरिकेतही असेच घडले आहे. २००९ साली बाल्टिमोर शहराच्या शाळांनी सोमवारचे जेवण बिनमांसाचे केले, तेव्हा मांसधंद्यातील संघटनांनी हरकत घेतली. २०१२ साली तर मोठी गंमत झाली. त्या देशाच्या कृषिखात्याने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या एका पत्रकात, कचेरीच्या उपाहारगृहात सोमवारी मांस टाळून पाहावे, अशी नुसती सूचना छापली. गुरे पाळणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने आवाज उठविताच खात्याने ते पत्रक तात्काळ मागे घेतले. पुढे २०१९ च्या शालेय वर्षापासून न्यूयॉर्कच्या सर्व सरकारी शाळांत बिनमांसाचा सोमवार सुरू झाला. येथे लक्षात ठेवण्याजोगे असे की, हा वार त्या देशाला अगदीच नवा नव्हता. पहिल्या महायुद्धात, सैन्याला व दोस्त राष्ट्रांना अन्न पुरावे म्हणून, तेथील सरकारने आठवड्यातून एक दिवस मांस व एक दिवस गहू सोडण्याचे लोकांना आवाहन केले होते, आणि असंख्य घरांनी ते पाळले होते. तोच वार २००३ साली आरोग्याच्या नावाने पुन्हा पुढे आला.

बंधुभगिनींनो, वार पाळणे ही गोष्ट आपणांस कोणी शिकवावयास नको. आपल्या घरांत कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाचा शनिवार असतो. श्रावण आला की चुलीवरचे कालवणाचे भांडे घासून पालथे पडते. एकादशीला वाड्यावर कोणी सुरी काढीत नाही. जो मेंढपाळ वर्षभर मेंढरांवर जगतो, तोच हे सारे पाळतो, आणि त्यात आपल्या धंद्याचा अपमान झाला असे त्याच्या स्वप्नातही येत नाही. खाटीकबंधूंचे दुकानही अशा वारी ओस असते. ते कोणावर मोर्चा नेत नाहीत. फ्रान्समध्येही शुक्रवारी मांसाऐवजी मासे खाण्याची ख्रिस्ती लोकांची जुनी चाल आहे, आणि तेथील कितीतरी शाळांत शुक्रवारी मासे वाढतात. त्या शुक्रवारावर कोणी ट्रॅक्टर आणला नाही. मग एक वार गोड आणि दुसरा वार कडू, हे का व्हावे?

याचे उत्तर मला लहानपणीच मिळाले होते, परंतु ते समजावयास म्हातारपण यावे लागले. १९६५ साली देशात धान्याची मोठी टंचाई होती आणि युद्धही चालू होते. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लोकांना सांगितले की, सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडा. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. आमचा वाडा एका शेतात उतरला होता. आबांनी ही गोष्ट बाजारात ऐकली, आणि त्या सोमवारी रात्री त्यांनी भाकरीला हात लावला नाही. मला भूक सोसेना. मी विचारले, "आबा, शास्त्रीजी दिल्लीत, तुम्ही खाल्लं तर त्यांना काय कळणार?" आबा हसले आणि म्हणाले, "लेकरा, उपास आपुन हून धरला तर त्यो उपास. दुसऱ्यानं धराया लावला तर ती उपासमार."

आबांना अक्षरओळख नव्हती. परंतु ल्यों शहराच्या महापौरांना आणि त्या ट्रॅक्टरवाल्यांना, दोघांनाही, हे वाक्य सांगावे असे मला वाटते. शास्त्रीजींनी हुकूम काढला नव्हता, मागणे मागितले होते. आणि ज्याच्याजवळ थोडेच होते त्याच्याजवळही ते विश्वासाने मागितले होते. म्हणून त्या सोमवारी उपाशी झोपणाऱ्यालाही आपला मान वाढल्यासारखे वाटले.

आता दोन्ही पक्षांचे खरे काय आणि खोटे काय, ते निःपक्षपाताने पाहू.

पशुपालकाचे खरे असे की, जी जमीन नांगराखाली येत नाही तिच्यावरचे गवत माणसाच्या पोटात जाण्यास जनावराखेरीज दुसरा मार्ग नाही. ल्योंच्या उत्तरेस शारोले नावाच्या पांढऱ्या गुरांचा मुलूख आहे. तेथील चढउतारांवर पिढ्यान्‌पिढ्या कुरणेच आहेत. आपल्या माणदेशाच्या, जतच्या माळाचे तरी दुसरे काय? आपली मेंढी पडीक रानावर व कापणी झालेल्या शेतावर चरते, आणि रात्री शेतात बसविली म्हणजे त्या शेताला खत देते. शिवाय आपली एक नड आहे. पूर्वी लोकर होती, घोंगडी होती. आज लोकर कातरण्याची मजुरीही सुटत नाही, घोंगडीला गिऱ्हाईक नाही. वाडा चालतो तो केवळ नर कोकरे व मेंढे विकून. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. या मेंढ्यांमागे चालणाऱ्या माणसांना, "तुमचा धंदा जगाला जड झाला आहे," असे कोणी शहरात बसून सांगितले, तर ते लागणारच.

परंतु दुसऱ्या पक्षाचेही खरे आहे, आणि ते आपल्याला कडू लागले तरी मी शिक्षक आहे, मला सांगितले पाहिजे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन वायू बाहेर पडतो व तो हवा तापवितो. माणसाच्या कृतींमुळे असे जे वायू हवेत जातात, त्यांपैकी सुमारे साडेचौदा टक्के पशुपालनातून येतात, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केला. आपली मेंढीही रवंथच करते. पाऊस लांबला, अवकाळी गारपिटीत मेंढरे दगावली, म्हणजे हवा बिघडल्याचा पहिला फटका आपल्याच वाड्याला बसतो. तेव्हा हा प्रश्न शहरी लोकांचे खूळ आहे असे म्हणून तो झटकता येत नाही. श्रीमंत देशांतील माणूस आपल्यापेक्षा कितीतरी पट मांस खातो. त्याने एक वार कमी खाल्ले तर बिघडणार नाही. आणि पुढच्या साथीची भीती दाखवून मांस खपविणे, हे तर मला मुळीच प्रशस्त वाटले नाही. मुलाचे ताट हा कोणाचा बाजार नव्हे. "माझा धंदा चालावा म्हणून तुझ्या मुलाने अमुक खावे," असे म्हणण्याचा अधिकार जसा मंत्र्याला नाही, तसा मेंढपाळालाही नाही.

फ्रान्सच्या कायद्यात यावर एक वाट सुचविलेली दिसते. तेथे २०१८ च्या ऑक्टोबरात एक कायदा झाला. त्यान्वये नोव्हेंबर २०१९ पासून शाळांनी आठवड्यातून एक जेवण शाकाहारी द्यावे असे प्रयोगादाखल ठरले, व २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते कायम झाले. त्याच कायद्यात दुसरेही कलम आहे : अशा भोजनगृहांनी निम्मा माल चांगल्या प्रतीचा, व त्यातील काही भाग सेंद्रिय शेतीचा, खरेदी करावा. सामुदायिक भोजनगृहांत परदेशी स्वस्त मांस फार शिरते, ही तेथील पशुपालकांची जुनीच तक्रार आहे. आता विचार करा. पाच दिवस परदेशचे स्वस्त मांस वाढण्यापेक्षा चार दिवस जवळच्या कुरणावरील चांगले मांस रास्त भावाने घेतले, तर मुलाचे भले, कुरणाचे भले आणि पशुपालकाचेही भले. एक वार सोडून चार वार कमवावेत, असा हा सौदा आहे. परंतु असा सौदा दोघे समोरासमोर बसले तरच होतो. एकाने हुकूम काढावा आणि दुसऱ्याने ट्रॅक्टर आणावा, यातून तो होत नाही.

समोरासमोर बसल्याने काय होते, याचा एक लहानसा अनुभव माझ्या नोकरीतील आहे. तो सांगतो आणि आपल्या मुलखात येतो.

शाळेतील आहाराची योजना १९९५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यास मिळत असे. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न आले, आणि शाळांतून खिचडीचा वास दरवळू लागला. मी ज्या शाळेत मुख्याध्यापक होतो तेथील बरीच मुले न्याहारी न करता येत. नुसत्या खिचडीने त्यांची अंगकाठी सुधारेना, म्हणून एका वर्षी गावातील काही मंडळींच्या वर्गणीतून आठवड्याला प्रत्येक मुलास एक उकडलेले अंडे द्यावयाचे ठरविले. न खाणाऱ्यास केळे. वार ठरविला गुरुवार. कारण एवढेच की, बाजारहाट बुधवारी होई. वार ठरविताना मी कोणालाही विचारले नाही.

तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी माझ्या लक्षात आले की, चौथीतील एक मुलगी आपले अंडे खात नाही. ते दप्तरात ठेवते. मी विचारले तर बोलेना. मग हळूच म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरात गुरुवार असतो. आई म्हणते, गुरुवारी खायचं नाही. मी धाकट्या भावाला नेते. तो अजून लहान आहे, त्याला वार नाही." "मग तू केळे का घेत नाहीस?" तर म्हणाली, "केळं घेतलं तर अंडं मिळणार नाही." मित्रहो, सबंध वर्गाला मी बेरीज-वजाबाकी शिकविली, त्या दिवशी त्या पोरीने मला शिकविली. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, हे मला पाठ होते. ती कोणाच्या पोटात जातात, हे मी पाहिले नव्हते.

मी वार बदलावयाचे ठरविले. तेव्हा ज्याच्याकडून आम्ही अंडी घेत असू, तो गावातील कोंबड्या पाळणारा गृहस्थ रागावून शाळेत आला. गुरुवारी व श्रावणात त्याच्या अंड्यांना उठाव नसे. शाळेचा गुरुवार त्याला देवासारखा लाभला होता. "तुम्ही सोवळे झालात काय, गुरुजी?" असे तो मला चारचौघांत म्हणाला. मलाही राग आला. परंतु शाळा-समितीची बैठक होती, तीत मी त्यालाही बोलाविले आणि मुलांच्या आयांनाही. त्या मुलीचे नाव न घेता मी फक्त हकिकत सांगितली. बैठक काही वेळ गप्प बसली. मग तोच गृहस्थ म्हणाला, "बुधवार करा गुरुजी. आणि श्रावणात शेंगदाण्याची चिक्की द्या, पहिल्या आठवड्याची माझ्याकडून." पुढे वर्षभर त्याने अंडी बाजारभावापेक्षा थोडी कमी दराने दिली. मी शहाणपणाने त्याचे मन वळविले, असे मी म्हणणार नाही. त्याला कोणी बोलाविले नव्हते, ते बोलाविले, एवढेच घडले.

अलीकडे आपल्या राज्यातही अंड्याचा प्रश्न पुन्हा निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने शाळेच्या आहारात आठवड्यातून एक दिवस अंडे, व न खाणाऱ्यास केळे, देण्याचे ठरविले. काहींनी स्वागत केले, काहींनी विरोध केला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा खर्च थांबविण्यात आला व असे पदार्थ लोकसहभागातून द्यावेत असे सांगण्यात आले. मी कोणा पक्षाचा नाही. परंतु हिशेब पाहा. नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलास ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावयाची. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ. डाळ पातळ झाली की हिशेब कागदावर राहतो. म्हणून मांस असो वा नसो, अंडे असो वा नसो, कोणत्याही वारी मी एकच प्रश्न विचारीन : जे काढले त्याच्या जागी काय वाढले? ल्योंच्या ताटातून मांस गेले, तेथे मासे आणि अंडी होती. आपल्या ताटातून अंडे गेले, तेथे काय आले?

आणि आता शेवटचा मुद्दा. ज्यासाठी मी हा सारा विषय काढला, तो हा. फ्रान्सचे पशुपालक शहरात गेले तेव्हा त्यांची स्वतःची मुले कुठल्या ना कुठल्या शाळेच्या भोजनगृहात जेवत होती. आपल्या मेंढपाळाचे मूल कोठे आहे? दिवाळी झाली की कितीतरी वाडे घाट उतरून कोकणाकडे निघतात आणि मृगापूर्वी परततात. वाड्याबरोबर घोडी निघते, कोकरे निघतात आणि मुलेही निघतात. पटावर त्यांचे नाव असते. ताटावर ती नसतात. कोणत्या वारी मांस असावे, अंडे असावे की केळे, हा वाद ज्यांच्या पोटासाठी आहे असे आपण म्हणतो, त्यांतील आपल्या मुलाला सहा-सात महिने सातही वार सारखेच रिकामे जातात.

मला हे बोलण्याचा अधिकार आहे. आत्याने मला गावात ठेवून घेतले म्हणून मी मॅट्रिक झालो. माझा थोरला भाऊ आबांबरोबर वाड्यावर राहिला. तो माझ्याहून हुशार होता. अडीचशे मेंढरांतील प्रत्येक मेंढी तो चेहऱ्यावरून ओळखी. त्याने आयुष्यात शाळेच्या ताटात एक घास खाल्ला नाही. माझ्या प्रत्येक बक्षीस-समारंभाला मात्र तो येऊन मागे उभा राही.

म्हणून मंडळापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली : आपल्या गावोगावच्या सभासदांनी शाळा-समितीच्या बैठकीस जावे. ताटाचा व वाराचा निर्णय आयांना आणि पिकविणाऱ्या-पाळणाऱ्यांना विचारून व्हावा, असा आग्रह धरावा. दुसरी : मंडळाच्या निधीतून, जेथे आपल्या वस्त्या आहेत अशा निदान चार शाळांना वर्षभर आठवड्याचे एक अंडे, अथवा तेथील आयांना पसंत पडेल तो तितकाच पौष्टिक पदार्थ, द्यावा. माझ्या निवृत्तिवेतनातून एका शाळेचा भार मी उचलतो. तिसरी व मुख्य : ऊसतोडणीस जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात, तशी सोय वाड्यावरच्या मुलांसाठी व्हावी म्हणून मंडळाने सरकारकडे रीतसर अर्ज करावा व त्याचा पाठपुरावा करावा. मेंढीवर प्रेम करणे आपणांस ठाऊक आहे. कोकरू मागे राहिले तर आपण अर्ध्या रात्री परत फिरतो. मूल मागे राहते आहे, त्याच्यासाठीही परत फिरावे.

आपण पाळणारेही आहोत आणि जेवू घालणारेही. वार कोणताही असो, तो आपल्याला विचारून ठरावा, हा आपला हक्क. आणि त्या वारी कोणतेही मूल उपाशी उठू नये, हे आपले कर्तव्य. हक्कासाठी ट्रॅक्टर नेणे सोपे आहे. कर्तव्यासाठी बैठकीला वेळेवर जाणे त्याहून अवघड आहे, असा माझा अनुभव आहे.

पंगतीची वेळ झाली आहे, आणि ज्याला भूक लागली आहे त्याला व्याख्यान गोड लागत नाही, हेही मला शाळेनेच शिकविले. काही अधिक-उणे बोललो असेन तर वयाकडे पाहून क्षमा करावी.